भिवरामाय आणि अर्ध्या वाटेची नागीण

तेरणेला तेव्हा बारा महिने पाणी असायचं आणि टाकरगावात एकही घड्याळ नव्हतं, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्यातलं आता कुणी नाही. त्यांच्याकडून ज्यांनी ऐकली, तेही थकले. म्हणून सांगायची.

त्या काळी गावाला एका सापाची फार भीती होती, आणि तो साप रानात नव्हता. तो माणसाच्या अंगावर उठायचा. आधी पाठीला नाहीतर बरगडीला एका जागी आग व्हायची, विंचू चावल्यासारखी. वरून काही दिसायचं नाही. मग दोन-तीन दिवसांनी तिथं लाल पट्टा यायचा, पट्ट्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड यायचे, एकाला एक चिकटून, आणि तो पट्टा पाठीकडून पोटाकडे सरकत जायचा. लोक हळूच म्हणायचे, नागीण निघाली.

नागीण निघाली की त्या घरातलं बोलणं कमी व्हायचं. ही नागीण माणसाला वेढा घालते, आणि ज्या दिवशी तिचं तोंड तिच्या शेपटीला मिळतं त्या दिवशी माणूस जातो, असं सगळे धरून चालले होते. कुणी तसं होताना पाहिलं होतं का, हे कुणी विचारत नव्हतं.

उपाय एकच होता आणि तो खंडू लोहाराकडे होता. खंडू मनानं वाईट माणूस नव्हता. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून यायचा. कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी एक सळई तो भात्यावर लाल करायचा आणि रोग्याच्या कोऱ्या बाजूला, कण्याच्या पलीकडे, तिचा डाग द्यायचा. म्हणजे नागिणीची वाट अडली. मग त्या जखमेवर बिब्बा लावायचा. जो माणूस उठायचा तो डागानं उठला असं म्हणत, आणि जो जायचा त्याच्याबद्दल म्हणत, तोंड शेपटीला मिळालं, डागायला उशीर झाला.

त्याच गावात भिवरा नावाची परटीण राहत होती.

भिवराचं घर नदीच्या उताराला, शेवटचं. गावचं धुणं तिच्याकडे यायचं. आजाऱ्याचे कपडे कुणी हातात धरत नसत. काठीच्या टोकावर आणून तिच्या दारात टाकत. ती ते उचलायची, वेगळ्या मडक्यात खार घालून उकळायची, दगडावर धुवायची आणि पलीकडच्या वाळूत वाळत घालायची. तिनं धुतलेलं कापड उन्हात वाळलं तरी हाताला गार लागायचं असं म्हणतात. खरं असेल. जुनं कापड शंभरदा धुतलं की त्याला एक गारवा येतो, ते जाणत्या हातांना कळतं.

एका चैत्रात तिच्या नवऱ्याला, धोंडिबाला, नागीण निघाली. डाव्या बरगडीवर. भिवरा खंडूला बोलवायला स्वतः गेली, कारण दुसरं काय करायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. खंडूनं उजव्या बाजूला डाग दिला. धोंडिबा ओरडला नाही. त्यानं भिवराचा हात धरला आणि सोडला नाही. नऊ दिवसांनी डागाची जागा काळी पडली, ताप चढला, आणि सतराव्या दिवशी धोंडिबा गेला. गावानं म्हटलं, तोंड शेपटीला मिळालं.

भिवरानं त्याची बंडी धुवायला घेतली. मडक्यात घालण्याआधी तिनं ती मांडीवर पसरली आणि सवयीनं मधोमध दुमडली. दुमडल्यावर तिचे हात थांबले. डाव्या अंगाला पिवळट पाण्याचे डाग होते, पाठीच्या कण्यापासून बेंबीपर्यंत आणि तिथंच संपलेले. उजव्या अंगाला रक्त आणि पू होता, आणि तो सळईच्या आकाराचा होता. नागीण घडी ओलांडून आली नव्हती. ती आपल्या बाजूलाच राहिली होती. धोंडिबाला नेलं ते दुसऱ्या बाजूनं.

नदी वाहत होती. मग तिनं बंडी धुतली, वाळवली आणि पेटीत ठेवून दिली.

ती कुणाला काही बोलली नाही. परटिणीचं कोण ऐकणार, आणि एका बंडीवरून काय सांगणार? पण त्या दिवसापासून नागिणीच्या घरचं कापड आलं की ती धुण्याआधी मधोमध दुमडायची आणि बघायची. कुणाचं डावीकडे असायचं, कुणाचं उजवीकडे. कुणाचं खांद्याजवळ, कुणाचं मांडीवर. वर्षं गेली. घडीच्या दोन्ही अंगांना नागिणीचं पाणी तिला एकदाही दिसलं नाही. जे फार चिंध्या झालेलं कापड घरचे परत मागत नसत, ते ती न धुता, ऊन देऊन, बाजूला ठेवायची.

आता पुढचं मी ऐकलं तसं सांगते. एकदा वैशाखात, भर दुपारी, भिवरा घाटावरच्या करंजाखाली बसली होती. धुणं वाळत होतं. वारा पडला होता. तिचा डोळा लागला की नाही हे तिलाही सांगता यायचं नाही. डोहातून एक नागीण वर आली, पाण्यासारख्या रंगाची, आणि घाटाच्या पायरीवर अर्धी पाण्यात, अर्धी उन्हात पडून राहिली. भिवरा घाबरली नाही असं म्हणतात. तिनं विचारलं, "माझा माणूस तू नेलास का?"

नागीण म्हणाली, "मी कुणाला न्यायला येत न्हाई. मी कुठून येतच न्हाई, भिवरे. लेकराला लहानपणी कांजिण्या येतात, जातात. त्या गेल्या असं तुम्हाला वाटतं. त्यांच्यातली एक मी मागं राहते. त्याच्या कण्यापाशी, जिथून अंगाच्या वाटा फुटतात तिथं, निजून राहते. चाळीस वर्षं, साठ वर्षं. माणूस म्हातारं झालं, उपाशी राहिलं, फार दिवस काळजीनं झुरलं, की राखण ढिली पडते आणि मला जाग येते."

"आणि मग?"

"मग मी एक वाट धरते. मला एकच वाट ठाऊक हाय, आणि ती अर्ध्यातच संपते."

"जाळल्यावर थांबतेस?"

"जाळणारा पलीकडच्या बाजूला जाळतो. मी तिथं कधी नसतेच."

मग वारा सुटला, वाळत घातलेली सगळी धोतरं एकदम फडफडली, आणि भिवरानं पाहिलं तर पायरी नुसती ओली होती.

त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी खंडू लोहारालाच नागीण निघाली.

उजव्या बाजूला, पाठीवरून पुढं. तिसऱ्या दिवशी फोड बेंबीकडे वळले तेव्हा खंडूनं धाकट्या भावाला भट्टी पेटवायला सांगितलं. अंगणात गाव जमलं. खंडूची बायको कोंडाबाई उंबऱ्यात बसली होती. सळई लाल होत होती. ज्या माणसानं अख्ख्या गावाला डागलं तो आता कसा सोसतो हे बघायला काहीजण आले असतील, पण खंडूचा चेहरा पाहून त्यांनीही नजर वळवली. त्याला भीती डागाची नव्हती. आपण उशीर केला याची होती.

भिवरा काखेत बोचकं घेऊन आत आली. आजाऱ्याच्या घरी परटीण आपणहून येते हे कुणी पाहिलं नव्हतं. लोकांनी वाट दिली.

"खंडूदादा," ती म्हणाली, "डागायच्या आधी एवढं बघा."

तिनं बोचकं सोडलं आणि अंगणात कापडं मांडायला सुरुवात केली. सदरा, चोळी, बंडी, पुन्हा सदरा. चौदा कापडं होती. प्रत्येक कापड तिनं आधी पसरलं आणि मग मधोमध दुमडलं. "ही नारबा माळ्याची. ही त्याच्या आईची. ही गुरवाच्या आत्याची." लोक आपापल्या घरची कापडं ओळखू लागले. कुणाच्या तरी तोंडून हुंदका आला. चौदाच्या चौदा कापडांना नागिणीचं पाणी एकाच अंगाला होतं. शेवटी तिनं पेटीतली बंडी काढली. ती धुतलेली होती. तिच्यावर काहीच नव्हतं, पण ती कुणाची हे सगळ्यांना कळलं.

"ही दुमडून दाखवत न्हाई," भिवरा म्हणाली. "ही मी एकटीनं बघितलीय. नागीण डावीकडं होती, दादा. उजवीकडं तुमची सळई होती."

भाऊ सळई धरून उभा होता, ती हळूहळू काळी पडत होती.

"मग मी इतक्या लोकांना..." एवढंच खंडू म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाबी नव्हतं. मीच तुम्हाला बोलवायला आले होते."

"आणि तू चुकत असलीस तर?"

"तर तुम्ही जाल, आणि गाव मला नदीत लोटील. चार दिवस थांबा. मी इथंच बसते."

खंडूनं भावाला हातानं खूण केली. सळई पाण्यात गेली.

भिवरा चार दिवस त्या घरी राहिली. सगळ्यात आधी तिनं खंडूची नखं कापली. फोड फोडायचे नाहीत, खाजवायचं नाही, बिब्बा तर लावायचाच नाही. "बिब्ब्यानं कापडावर खूण करतात," ती म्हणाली, "माणसाच्या अंगावर न्हाई." उकळून गार केलेल्या पाण्यात ती आपलं जुनं मऊ कापड भिजवायची, पिळायची आणि फोडांवर अलगद ठेवायची. ते कोमट झालं की दुसरं. वापरलेलं कापड वेगळं उकळायची. खंडूची सून ठकू पोटुशी होती. भिवरानं तिला दारातच विचारलं, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का गं तुला?"

"आई सांगते, न्हाई झाल्या."

"मग तू खपल्या पडेपर्यंत माहेरी राहा. नागीण तुला चावायची न्हाई, पण ह्या पाण्यातून कांजिण्या येतील. तुझ्या या दिवसांत त्या नकोत."

चौथ्या दिवशी सकाळी सगळं गाव अंगणात होतं. खंडूनं सदरा वर केला. पट्टा बेंबीपाशी आला होता आणि तिथं थांबला होता, बांधाशी पाणी थांबतं तसा. त्याच्या पलीकडे कातडी कोरी होती. पाचव्या दिवशीही तो तिथंच होता. दहाव्या दिवशी फोड सुकून खपल्या झाल्या. कोंडाबाईनं भिवराच्या पायावर डोकं ठेवलं, आणि भिवरा संकोचानं मागं सरली.

गोष्ट इथं संपली असती तर सोपं होतं. पण खपल्या पडल्या आणि खंडूचं दुखणं गेलं नाही. कातडी साफ झाली, वर काही दिसेना, आणि आत मात्र आग. वाऱ्याची झुळूक लागली तरी तो कळवळायचा. सदरा अंगाला सहन होईना. महिना झाला, दोन झाले. भावकी म्हणू लागली, आता काय झालंय याला, काम नको म्हणून कण्हतो. खंडू भात्यापाशी बसायचा आणि हातोडा न उचलताच उठायचा. एकदा तो कोंडाबाईला म्हणाला, "तेव्हाच डागलं असतं आणि गेलो असतो तर बरं झालं असतं."

कोंडाबाईनं ते भिवराला सांगितलं. भिवरा आली आणि त्याच्याजवळ बसली. बरं वाटतंय का असं तिनं विचारलं नाही.

"दादा, दुखतंय ते खरं हाय," ती म्हणाली.

खंडूला रडू आलं, असं म्हणतात. इतक्या दिवसांत हे कुणी म्हणालं नव्हतं.

"नागीण गेली," भिवरा म्हणाली, "पण जिथून ती गेली ती वाट आतून सोलून निघालीय. तिला भरायला वेळ लागतो. कुणाला महिना, कुणाला वरीस. मला ते घालवता येत न्हाई. मी येऊन बसू शकते."

आणि ती रोज यायची. धुणं वाळेपर्यंतचा तेवढा वेळ. नदीला पाणी किती आहे, कुणाची गाय व्याली, एवढंच बोलायची. फाल्गुनात एका दुपारी खंडूनं बोलता बोलता सदरा अंगात घातला आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. भिवराच्या आलं, पण ती नदीच्या पाण्याचंच बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं भट्टी पेटवली, ती वाकडी सळई तापवली आणि ठोकून ठोकून तिची एक जाड कडी केली. घाटावरच्या खडकात ती कडी त्यानं स्वतः ठोकून बसवली, भिवराला वाळत घालायचा दोर बांधायला.

त्यानंतर आसपासच्या दहा गावांतून लोक भिवराकडे येऊ लागले. तिला भिवरामाय म्हणू लागले. तिच्या हातात मंत्र आहे असं कुणी म्हणालं की ती चिडायची. "मंत्र न्हाई, कापड हाय," म्हणायची.

आणि एक दिवस गुरवाच्या घरची अनसा आली. तिची नागीण कपाळावर होती. एका भुवईच्या वर, पापणीवर, आणि नाकाच्या शेंड्यावर दोन फोड. त्या बाजूचा डोळा लाल झाला होता आणि उजेड सोसत नव्हता. भिवरानं तिचं तोंड हातात धरून बराच वेळ पाहिलं. मग हात खाली घेतले.

"हिला मी हात लावत न्हाई," ती म्हणाली. "ही डोळ्यात शिरतेय. इथं कापडाचं काम न्हाई. तालुक्याच्या दवाखान्यात न्या. उद्या न्हाई, आत्ता."

"नदी भरलीय, माय," गुरव म्हणाला. "नाव सुटत न्हाई."

तेरणा त्या दिवशी दोन्ही काठ सोडून वाहत होती. भिवरामाय घाटावर गेली. जे धुणं तिच्याकडे होतं, साऱ्या गावाची लुगडी, धोतरं, पागोटी, ती तिनं एकाला एक गाठ मारून जोडायला घेतली. बायका घरातून आणखी लुगडी घेऊन आल्या. त्याचा लांबच लांब दोर झाला, लाल, हिरवा, पांढरा. त्याचं एक टोक खंडूच्या कडीला बांधलं. दुसरं कमरेला बांधून खंडूचा भाऊ पोहत पलीकडे गेला. आणि मग, असं म्हणतात, तो रंगीत दोर पाण्याला टेकला तेवढ्या जागी नदी मऊ झाली, घडी घातल्यासारखी. नाव त्या दोराला धरून धरून पार गेली. कुणी म्हणतात, दोराखालून पाण्याच्या रंगाची एक नागीण नावेबरोबर पोहत होती. गुरव मात्र म्हणायचा की आपल्याला फक्त भीती आठवते, आणि अनसाचा हात.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अनसाच्या डोळ्यात थेंब घातले आणि तिला वीस दिवस ठेवून घेतलं. आणखी दोन दिवस गेले असते तर डोळा गेला असता, असं ते म्हणाले. तिला त्या डोळ्यानं पुढं थोडं धुकट दिसायचं, पण दिसायचं. ती परत आली तेव्हा भिवरामायनं सगळ्या गावाला घाटावर बोलावलं आणि एकच गोष्ट सांगितली. "मला जेवढं कळतं तेवढं कापडाइतकंच हाय. त्याच्या पुढचं ज्याला कळतं त्याच्याकडं लवकर जा. माझ्याकडं येण्यात दिवस घालवू नका."

भिवरामाय कशी गेली याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी की ती धुण्याचं बोचकं डोक्यावर घेऊन पहाटेच्या धुक्यात नदीत उतरली, आणि पलीकडच्या वाळूत नुसती पावलं उमटत गेली. दुसरी अशी की ती मार्गशीर्षात, आपल्या घरात, खंडू आणि कोंडाबाई उशाशी बसले असताना शांतपणे गेली. मला दुसरी खरी वाटते. पण धुकं पडलं की पहिलीही वाटते.

आता टाकरगावात आरोग्य उपकेंद्र आहे. तिथल्या नर्सबाई सांगतात की नागिणीवर गोळ्या निघाल्या आहेत. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर ती लवकर निवळते, आणि मागचं दुखणंही कमी होण्याची आशा असते. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आली आहे. डोळ्याजवळ असेल, किंवा अंगभर पसरत असेल, तर रोग्याला तिथं न थांबवता त्या पुढं पाठवतात. टाकरगावच्या लोकांना हे पटवून द्यावं लागत नाही. कुणाच्या एका अंगाला आग होऊ लागली की शेजारीच म्हणतो, चल, भिवरामायचा निरोप आहे, आणि त्याच दिवशी त्याला घेऊन जातो. नर्सबाई मूळच्या लातूरच्या. त्यांना वाटलं होतं, भिवरामाय म्हणजे गावातली कुणी म्हातारी असेल, एकदा भेटायला हवं.

आणि आणखी एक रीत आहे. खपल्या पडल्या, गोळ्या संपल्या, आणि तरी ज्याचं दुखणं राहिलं, त्याच्या घरी दुपारी कुणीतरी बसायला जातं. आज हा, उद्या तो. बारी ठरलेली नसते, पण चुकत नाही. कसं आहे, बरं वाटतंय का, असं तिथं कुणी विचारत नाही. बसायला आलेला माणूस ओट्यावर टेकतो, दुखतंय ते खरं आहे, एवढं म्हणतो, आणि मग पाण्यापावसाचं बोलत बसतो.